लॅपटॉप सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

माझी मावसबहीण अमरावतीला असते, घरूनच जीएसटी रिटर्न भरायची कामं करते, साधारण चाळीसेक दुकानदार तिच्याकडे आहेत. गेल्या मे महिन्यात तिचा लॅपटॉप दिवसातून तीनचारदा बंद पडायला लागला. कधी निळी स्क्रीन यायची, कधी जागच्या जागी गोठायचा आणि पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय हलायचाच नाही. आणि तारीख होती १६, म्हणजे थ्री-बी (जीएसटीचं दर महिन्याचं रिटर्न) भरायची शेवटची २० तारीख चार दिवसांवर. फोनवर अगदी रडकुंडीला आलेली, "दादा, पुन्हा बंद पडला नं बाप्पा". तोवर दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झालं होतं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं की बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेलाय, चौदा हजार लागतील.

बोर्ड गेलेला नव्हता. काय होतं ते पुढे येईलच, पण त्या चार दिवसांत आम्ही फोनवरून आणि नंतर मी स्वतः जाऊन जे जे केलं ते सगळं इथे लिहितोय, कारण हीच गोष्ट मी वेगवेगळ्या घरात इतक्यांदा बघितलीय की आता राहवत नाही. लॅपटॉप क्रॅश झाला की आपल्याकडे पहिला सल्ला असतो फॉरमॅट मारून घ्या. आणि फॉरमॅट मारलं की लॅपटॉपने स्वतः लिहून ठेवलेल्या सगळ्या नोंदी, म्हणजे कधी पडला, कशामुळे पडला, कोणती फाईल अडकली, हे सगळं पुसलं जातं. दुखणं तसंच राहतं, फक्त पुरावा जातो. (हे सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे, मॅकचं तंत्र वेगळं.)

सगळ्यात आधी बॅकअप. हे वाचून पुढे सरकू नका प्लीज, खरंच करा. सारखा बंद पडणारा लॅपटॉप म्हणजे कदाचित डिस्क मरायला टेकलीय, आणि तसं असेल तर प्रत्येक रीस्टार्टला ती आणखी खराब होते. कामाचं फोल्डर, टॅलीचा डेटा, फोटो, जे परत मिळणार नाही ते आधी बाहेरच्या ड्राईव्हवर. आणि दुसरी एक गोष्ट जी लोकांना माहीतच नसते ती म्हणजे बिटलॉकरची की (बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय). आजकालच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, तुम्ही कधी चालू केलेलं नसतं तरी, आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ सेटिंग्ज) काही बदललं किंवा सेफ मोडमध्ये जायला गेलात की अचानक निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून बघून घ्या आणि वहीत उतरवून ठेवा. ऐन वेळी अकाउंट कुठलं, पासवर्ड काय हे आठवत नाही, आणि मग चालू लॅपटॉपमधला डेटा सुद्धा कुलपात राहतो.

मग एक वही घ्या. मोबाईलमधली नोट चालेल पण वही बरी. प्रत्येक क्रॅशला वेळ लिहा, काय चालू होतं ते लिहा, चार्जर लावलेला होता की बॅटरीवर होता, लॅपटॉप मांडीवर होता की टेबलावर, हाताला गरम लागत होता का, निळी स्क्रीन आली की नुसताच विझला की गोठला. विझणं, निळी स्क्रीन आणि गोठणं ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि दुकानदाराला आपण तिन्हीला "बंद पडतो" एवढंच सांगतो. स्क्रीन न दाखवता फट्कन विझला तर बहुतेक उष्णता, बॅटरी, चार्जर यातलं काहीतरी. निळी स्क्रीन आली (विंडोज ११ मध्ये २०२५ पासून ती काळी केलीय, त्यामुळे काळी दिसली तरी त्यावर अक्षरं आहेत का बघा) म्हणजे विंडोजला काहीतरी चुकलंय हे कळलं आणि त्याने स्वतःहून थांबवलं. तिथे खाली एक नाव असतं, इंग्रजी कॅपिटल अक्षरात आणि मध्ये खाली रेघा, त्याला स्टॉप कोड म्हणतात, त्याचा फोटो काढा. स्क्रीन पटकन निघून जात असेल तर सर्चमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज शोधून उघडा, स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंग्जमध्ये जा आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढा, मग स्क्रीन तशीच थांबून राहते.

बहिणीला मी पहिल्यांदा हेच करायला लावलं. दीड दिवसात चार फोटो आले आणि चारही कोड वेगळे, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, आणि चौथा क्रोम चालू असताना आणखी चौथाच. तिला वाटलं चार बिघाड झाले. मला मात्र तेव्हाच संशय आला, कारण दर वेळी कोड वेगळा, दर वेळी वेगळं काहीतरी काम चालू, याचा अर्थ बऱ्याचदा रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) असा असतो. ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) खराब असेल तर तो साधारण एकाच ठिकाणी, एकाच कोडने पडतो. रॅममधली एखादी जागा खराब असली तर त्या जागेत त्या वेळी जे कोणी बसलेलं असेल त्याला फटका बसतो, आज ब्राउझर, उद्या विंडोज स्वतः.

पण संशय म्हणजे निदान नाही, म्हणून नोंदी बघायच्या. सर्चमध्ये रिलायबिलिटी टाईप करा, व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी येईल. ही खिडकी विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून आहे आणि कोणी उघडत नाही, मला तर वाटतं सामान्य माणसासाठी यापेक्षा उपयोगी जागा नाही. तारखेप्रमाणे रकाने असतात, ज्या दिवशी क्रॅश झाला तिथे लाल फुली, आणि त्याच रकान्यात खाली त्या दिवशी कोणतं अपडेट आलं, कोणतं सॉफ्टवेअर टाकलं तेही दिसतं. पहिली लाल फुली कुठल्या तारखेला आहे बघा आणि तिच्या एकदोन दिवस आधी काय बदललं ते बघा. अर्ध्या केसेस इथेच सुटतात. प्रिंटरचा ड्रायव्हर टाकला, नवीन अँटीव्हायरस टाकला, ग्राफिक्सचं अपडेट आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून फुल्या सुरू.

त्याहून खोलात जायचं तर सर्चमधूनच इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टिम. तिथे लाल खुणांची जत्रा दिसेल, घाबरू नका, धडधाकट लॅपटॉपमध्ये पण असतात. फक्त क्रॅशच्या वेळेच्या आसपासचं बघायचं. कर्नल-पॉवर ४१ हा सगळ्यांना दिसतो आणि लोक तोच गुगल करत बसतात, पण त्याचा अर्थ एवढाच की आधीच्या वेळी लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता, कारण तो सांगत नाही. त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक कोड (स्टॉप कोडचाच आकडा) शून्य असेल तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही, म्हणजे वीज गेली, किंवा पूर्ण गोठला, किंवा तुम्हीच बटण दाबून बंद केला. डब्ल्यूएचईए-लॉगर नावाच्या नोंदी असतील तर हार्डवेअरकडे बोट. सोर्स डिस्क आणि आयडी ७ असेल तर डिस्कवर खराब ब्लॉक सापडलाय, आज रात्रीच बॅकअप.

आणि सी ड्राईव्हमधल्या विंडोज फोल्डरमध्ये मिनीडम्प नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक छोटी फाईल तिथे पडते. ते फोल्डर कॉपी करून ठेवा. ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर ते उघडून कोणती फाईल गुंतली होती ते दाखवतं, अजून नीट हवं तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं विनडीबीजी. एक सांगतो, त्यात एनटीओएसकर्नल असं नाव दिसलं तर लगेच विंडोज खराब असं ठरवू नका, तो विंडोजचा गाभा आहे, दुसऱ्याने केलेली घाण बऱ्याचदा त्याच्या दारात सापडते. पण एनव्हीएलडीडीएमकेएम दिसलं तर तो एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर, आणि तेच नाव परत परत आलं तर रस्ता सापडला.

ड्रायव्हरवर संशय असेल तर सेफ मोड. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४ किंवा नेट हवं असेल तर ५. इथे विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन उठतं. जो लॅपटॉप एरवी तासाभरात पडतो तो सेफ मोडमध्ये चारपाच तास शांत चालला तर बिघाड बहुधा सॉफ्टवेअरचा. मग डिव्हाईस मॅनेजरमध्ये त्या ड्रायव्हरवर रोल बॅक, ते बटण चालत नसेल तर ड्रायव्हर काढून तुमच्या लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून मॉडेल नंबर टाकून मिळालेला टाका. ड्रायव्हर अपडेटर म्हणून ज्या जाहिराती येतात ती सॉफ्टवेअरं टाकू नका, माझ्या बघण्यात त्यांनी बिघडवलंच जास्त. आणि धडधाकट मशीन नुसत्या सॉफ्टवेअरने पडू शकतं का, तर हो, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राईकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात साधारण ८५ लाख विंडोज मशीन एका दिवसात निळी पडली होती, विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते, आणि त्या मशीनमध्ये हार्डवेअरचा काहीही दोष नव्हता.

अजून एक बारीक गोष्ट, शट डाऊन करून परत चालू करणं आणि रीस्टार्ट करणं सारखं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल (बहुतेकांचं असतंच) तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर तसेच झोपवून ठेवलेले असतात आणि सकाळी तेच उठतात. काही बदललं की तपासायला रीस्टार्टच करा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला!! तीन गोष्टी एकदम केल्या आणि बरा झाला तर कशाने झाला ते कधीच कळत नाही.

विंडोजच्या फाईली दुरुस्त करायच्या कमांड सगळीकडे सांगतात, त्या दहापंधरा मिनिटांत होतात म्हणून करून घ्या, पण फार आशा ठेवू नका. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, आधी डीआयएसएम, स्पेस, स्लॅश ऑनलाइन, स्पेस, स्लॅश क्लीनअप-इमेज, स्पेस, स्लॅश रिस्टोअरहेल्थ (नावं इंग्रजीत, मधला डॅश सोडू नका), ती झाली की एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ. झालं.

आता उष्णता, आणि हा विदर्भातला मे महिना म्हणून जरा थांबून सांगतो. बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ३५ डिग्रीपर्यंत लिहिलेलं असतं. आपल्याकडे बाहेर ४४-४५ असतं, कूलर बंद असलेल्या खोलीत दुपारी ३८-३९ सहज, आणि लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची जाळी बंद. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात फक्त सेन्सर्स उघडा, सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान बघा. जड काम करताना ८०-९० पर्यंत जाणं लॅपटॉपसाठी नेहमीचं आहे, पण नुसतं एक्सेल उघडं असताना ९० च्या वर असेल, शंभरच्या आसपास टेकत असेल, तर आत धूळ भरलीय किंवा पंखा फिरत नाहीये किंवा सीपीयूवरची पेस्ट सुकलीय. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करून बघतो, म्हणून पडायच्या आधी लॅपटॉप खूप स्लो झाला होता का हे आठवा, ती खूण असते. दुकानात याला सर्व्हिसिंग, पेस्टिंग म्हणतात, बोर्ड बदलण्याच्या मानाने अगदीच किरकोळ खर्च. घरी ब्लोअर मारणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, आणि पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, हवेच्या झोताने तो नको तितका जोरात फिरला तर खराब होतो. आणि कूलरच्या झोतासमोर लॅपटॉप ठेवू नका, थंड वाटतं पण ती ओली हवा असते.

चार्जर आणि बॅटरीचं थोडक्यात. फक्त बॅटरीवर असतानाच पडतो, चार्जरवर नाही, असं वहीत दिसलं तर बॅटरी थकलीय. उलटं असेल तर चार्जर दुसरा लावून बघा, पण तेवढ्याच वॉटचा, ६५ वॉटच्या जागी ४५ चा लावला की जड कामाला कमी पडतो. टचपॅड वर आल्यासारखं वाटतंय, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, असं काही असेल तर हे सगळं वाचणं सोडा आणि लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी फुगलीय. ती दाबायची नाही, टोचायची नाही, दुकानातच काढून घ्यायची.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. उघडलं की निळ्या चौकटीत गुड, पिवळ्यात कॉशन, लाल म्हणजे बॅड. पिवळं दिसलं की नवीन एसएसडी, म्हणजे नवी डिस्क, मागवा. डिस्क आजारी असताना चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवत बसू नका, त्यात ती तासन्‌तास घासली जाते, आधी डेटा बाहेर.

आणि आता रॅम, म्हणजे बहिणीकडची गोष्ट. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, सर्चमध्ये मिळतं, अर्ध्याएक तासात होतं. आम्ही ते केलं आणि नो एरर्स आलं. ती म्हणाली बघ, रॅम चांगली आहे. पण ही टेस्ट वरवरची असते, चूक सापडली तर नक्की बिघाड, नाही सापडली तर काहीच सिद्ध होत नाही. म्हणून १८ तारखेला मी गेलो, पेनड्राईव्हवर मेमटेस्ट८६ टाकून नेलं होतं, त्याच्यावरून लॅपटॉप चालू केला आणि रात्रभर सोडला. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. पहिल्या दोन फेऱ्या स्वच्छ. पहाटे तिसऱ्या फेरीत लाल ओळी सुरू झाल्या, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेनात. लॅपटॉप चांगला तापल्यावरच चुका यायच्या, म्हणूनच तिचा लॅपटॉप सकाळी नीट चालायचा आणि दुपारी पडायचा, जे तिच्या वहीत चार दिवस लिहिलेलंच होतं.

मग लक्षात आलं की दीड वर्षापूर्वी लॅपटॉप स्लो वाटतो म्हणून तिने ८ जीबीची जास्तीची पट्टी बसवून घेतली होती. खालचं झाकण उघडलं, बॅटरीचं कनेक्शन आधी काढलं (हे विसरू नका), दोन्ही पट्ट्या काढल्या. अशा वेळी आधी पट्टी काढून परत नीट बसवून बघायची, कधीकधी नुसती सैल असते, दुकानात सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसतात, तेही चालतं, फक्त रबराचे कण झटकून टाका. तिच्याकडे त्याने फरक पडला नाही. मग एकेक पट्टी लावून टेस्ट. जुनी मूळची पट्टी, चारही फेऱ्या स्वच्छ. नंतर बसवलेली पट्टी, तासाभरात लाल. आणि तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावूनही लाल, हे करणं महत्त्वाचं, कारण चुका पट्टीबरोबर गेल्या तर पट्टी खराब, पण दोन्ही पट्ट्या एकाच स्लॉटमध्ये चुकत असतील तर मात्र स्लॉट म्हणजे बोर्ड, आणि तेव्हा दुकानदार बरोबर असतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच चिकटवलेली असते, तिथे हा उपाय नाही, मेमटेस्टचा फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरच गाठावं लागतं.

एवढं करूनही हार्डवेअर की विंडोज हे ठरत नसेल तर अजून एक युक्ती, पेनड्राईव्हवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, फुकट सिस्टिम) टाकून त्यावरून लॅपटॉप चालू करा, इन्स्टॉल न करता ट्रायवर, आणि दोनतीन तास व्हिडिओ वगैरे चालवा. तिथेही पडला तर विंडोजचा काही संबंध नाही आणि शंभर वेळा फॉरमॅट मारलं तरी फरक पडणार नाही. तिथे शांत चालला तर मग रीसेट करायला हरकत नाही, कीप माय फाईल्स निवडून, बॅकअप असला तरी.

दुकानात जायची वेळ आलीच तर नुसतं बंद पडतो म्हणू नका. वही दाखवा, स्टॉप कोडचे फोटो दाखवा, काय काय तपासून झालंय ते सांगा, आणि विचारा की बोर्ड खराब हे कशावरून ठरवलं. चांगला कारागीर हे विचारल्यावर चिडत नाही, उलट त्याचं काम निम्मं होतं. काढलेला पार्ट परत मागून घ्या. शक्य असेल तर एसएसडी काढून घरी ठेवा, निदान त्यातलं लोकांचं खाजगी काही असेल तर, बहिणीकडे चाळीस दुकानदारांचे पॅन आणि बँकेचे कागद होते.

१९ तारखेच्या दुपारी एका ८ जीबी पट्टीवर लॅपटॉप चालू झाला, जरा स्लो, पण पडला नाही. २० ला रात्री दहाच्या आत तिची सगळी रिटर्न गेली. खराब पट्टीचं बिल तिने जपून ठेवलं होतं आणि वॉरंटी शिल्लक होती, तीनेक आठवड्यांत बदलून मिळाली.

बरा झाला असं वाटलं तरी पंधरा दिवस रिलायबिलिटी हिस्टरी अधूनमधून उघडत राहा, आणि जे बदललं असेल ते परत जागेवर आणा, म्हणजे ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक परत लावा. नवीन पट्टी बसवली असेल तर पहिल्याच रात्री तिच्यावरही मेमटेस्ट लावून झोपा, नवीन आहे म्हणून सोडू नका. आम्ही लावला होता, चारही फेऱ्या स्वच्छ आल्या.